पानाच्या पाठीवर

रात्रपाळी साडेपाचला सुटते.
बस कॅम्पाकडे वळते तिथे मी उतरतो,
उम्म अल क्वैनच्या खाडीकडेला,
बूट हातात, डबा खांद्याला.
ओहोटी. पाणी इतकं लांब गेलेलं
की परत येईल यावर कुणी पैज लावू नये.

कारखान्यात आम्ही समुद्र गोडा करतो.
साठ बार दाब, पडद्यांची नळकांडी,
कानात बोळे घातले तरी हाडांत घुमणारा पंप.
शहर पाणी पितं,
खजुरांच्या मुळाशी ठिबक सुरू होतं,
उरलेलं मीठ आम्ही समुद्रालाच परत देतो,
घेतलं त्याहून कडू करून.
नऊ वर्षं हेच काम.
म्हणून की काय, भाई,
तुझं एक वाक्य मी तुला
तसंच परत केलं.

"वाट पाहता आली नाही रे.
असरनंतर माती दिली."
एवढंच म्हणाला होतास.
मी शारजाच्या विमानतळावर, तिकीट हातात,
रांगेत माझ्यापुढे अजून चौदा जण.
जे बोललो ते आता मलाही ऐकवत नाही.
माझ्या पैशांनी बांधलेल्या घरातून
माझ्याच आईला...
तिथे तू फोन ठेवलास.
तीन वर्षं.

इथे तिवर आहेत.
दाभोळच्या खाडीतले तेच,
राखाडी साल, चिखलातून वर आलेली बोटं,
बोटांना भोकं, श्वासासाठी.
त्यांच्यावरच पाय कापून घ्यायचो मी
आणि तू अंगातली बनियन फाडून बांधायचास,
घरी मार तुलाच.
इथले लोक त्यांना कुर्म म्हणतात.
शाळेतल्या धड्यातलं कासव आठवून
पहिल्यांदा एकटाच हसलो,
मग हसू थांबलं.
पाय आत, मान आत.
कोण ते माहीत होतं मला.

आज ओल्या वाळूवरच नमाज पढलो.
सजद्यात कपाळाला गारवा,
नाकाला चिखलाचा वास, थेट गावचा.
दुआला हात उचलले आणि काय मागावं सुचेना.
शब्द सगळे फिर्यादीचे.
"त्याला अक्कल दे" ही काय दुआ झाली?
तसाच बसलो, तळवे उघडे.
समोर एक फांदी होती,
तिचं पान उलटं करून पाहिलं.
पाठीवर मीठ. बारीक, कोरडं,
फटफटल्या उजेडात साखरेसारखं खोटं.
जिभेला लावलं.

याच्याकडे पंप नाही, मीटर नाही.
मुळाशी अडेल तेवढं अडवतो,
तरी आत आलंच तर
खोडात मुरू देत नाही,
पानापर्यंत आणून बाहेर ठेवतो.
दव नेतं. नाहीतर वारा.
याला हे कुणी शिकवलं, असं मी
ज्याला विचारायचं त्याला विचारलं.
एक खेकडा बिळातून आला, मला पाहिलं,
आत गेला,
परत आला.

फोन लावला. तुझ्याकडे आठ वाजले असतील.
बोलायचं ठरवलं होतं बरंच, तोंडातून आलं,
"भाई, इथे तिवर आहेत."
तुझ्यामागे कोंबड्या, भाभीचा आवाज,
कुणीतरी बादली ठेवली,
मग काहीच नाही.
मग तू, घसा साफ करून,
"सहा मुठी टाकल्या होत्या मी.
तीन माझ्या.
तीन..."

पुढचं वाऱ्यात गेलं, की तूच थांबलास.
मी विचारलं नाही.
पाणी माझ्या टाचांपाशी आलं होतं,
कधी फिरलं ते कळलं नाही,
वाळूत ठेवलेले बूट भिजून गेले.
"ऐकतोयस ना?" तू म्हणालास.
"जेवलास?"
सकाळी साडेसहाला कुणी जेवतं का, भाई.
"जेवलो," म्हटलं.